उघडी कपाटे



ग्रंथपालाने वाचकाला वाचनाची गोडी कशी लावावी, या विषयावर बोलण्याची सूचना कार्यवाहांकडून आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम एक खिडकी उभी राहिली. आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयातली ती खिडकी. तिला तारेची जाळी होती, जाळीला खाली वीतभर मोकळी जागा होती, आणि त्या जागेतून पुस्तकांची देवघेव चाले. आपण बाहेरच्या बाकावरची जाडजूड वही चाळायची, तीतून एक क्रमांक निवडायचा, तो कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून आत सरकवायचा. आतून बहुधा "बाहेर गेलंय" एवढे दोनच शब्द येत. मग दुसरा क्रमांक, तिसरा क्रमांक. जाळीपलीकडे काचेची कपाटे होती आणि प्रत्येक कपाटाला पितळी कुलूप होते. आम्ही मुले जाळीला नाक लावून पुस्तकांच्या पाठी वाचण्याचा प्रयत्न करीत असू. इतक्या दुरून ठळक अक्षरांतली तीन-चार नावेच काय ती लागत.

खिडकीत बसणारे गृहस्थ वाईट मुळीच नव्हते. वर्षाच्या मोजणीत पुस्तक कमी भरले तर त्याची किंमत त्यांच्या तुटपुंज्या पगारातून कापली जाई, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ज्याच्या पगारावर प्रत्येक पुस्तकाची टांगती तलवार आहे, त्याने कपाट उघडे ठेवावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? म्हणून आजच्या विषयाकडे मी उपदेशाच्या अंगाने न जाता इतिहासाच्या अंगाने जाणार आहे. ग्रंथपालाने गोड बोलावे, हसतमुख असावे, हे सांगायला व्याख्यात्याची गरज नाही. त्या कपाटाचे कुलूप कोठून आले, ते कोणी काढले आणि काढल्यावर काय झाले, हे मात्र सांगण्यासारखे आहे.

कुलूप जुने आहे. छापखाना येण्यापूर्वी पुस्तक ही महिनोन् महिने खपून तयार केलेली वस्तू होती. आपल्याकडे पोथीच्या अखेरीस लिहिणारा पोथीच्याच तोंडून विनवणी करी, की मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. युरोपात तर मठांतील आणि चर्चमधील ग्रंथ लोखंडी साखळ्यांनी फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडातील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसे साखळीबंद ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. ग्रंथ दुर्मिळ होता तोवर हे सारे योग्यच होते. नवल एवढेच, की छापखान्याने ग्रंथ स्वस्त केले, साखळ्या गळून पडल्या, तरी राखणदाराची वृत्ती पुढे शेकडो वर्षे टिकली.

महाराष्ट्रात वाचनालये निघाली ती या राखणदारीच्या काळातच. रत्नागिरीचे वाचनालय १८२८चे. पुण्याच्या नेटिव्ह जनरल लायब्ररीची, म्हणजे आताच्या पुणे नगर वाचन मंदिराची, स्थापना १८४८ची आणि तीत लोकहितवादींचा पुढाकार. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले. मराठी भाषेतले ग्रंथ एका जागी जमवावेत, ही त्यांमागची तळमळ होती. या संस्था लोकांनी आपल्या पदरचे पैसे घालून, वर्गण्या गोळा करून, दारोदार पुस्तके मागून उभ्या केल्या. अशा रीतीने जमवलेली वस्तू जपून ठेवावीशी वाटणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. मुठीमुठीने जमवलेल्या धान्याच्या कणगीला झाकण असतेच. दोष दिसतो तो पुढच्या पिढ्यांचा. ग्रंथसंग्रह वाढला, पण वाचक वाढविणे हेही आपलेच काम आहे, असे फार थोड्या कार्यकारी मंडळांना वाटले.

कुलूप काढण्याची खरी सुरुवात परदेशात झाली, आणि तीही सहजासहजी झाली नाही. लंडनच्या सार्वजनिक वाचनालयांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण यंत्र असे. भिंतीएवढी एक चौकट, तीत हजारो बारीक खण, प्रत्येक खणावर पुस्तकाचा क्रमांक. पुस्तक आत असले तर एक रंग दिसे, बाहेर गेले असले तर दुसरा. वाचकाने त्या क्रमांकांच्या जंगलात आपला क्रमांक शोधावा, रंग पाहावा आणि मगच मागणी करावी. आमची जाडी वही म्हणजे या यंत्राची गरीब बहीणच म्हणायची! क्लार्कनवेल या लंडनच्या भागातील वाचनालयाचे ग्रंथपाल जेम्स डफ ब्राऊन हे १८९३ मध्ये अमेरिकेला गेले, तेथे वाचक स्वतः फळीपाशी जाऊन पुस्तक निवडताना त्यांनी पाहिला, आणि परत येताच १८९४ मध्ये त्यांनी आपले वाचनालय वाचकांना मोकळे केले. आत जाण्याचे एक फाटक, बाहेर पडण्याचे दुसरे, मध्ये विषयवार लावलेली कपाटे. ब्रिटनमधील सार्वजनिक वाचनालयांत असे प्रथमच घडत होते. ब्राऊन यांच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि तो करणाऱ्यांत ग्रंथपालच आघाडीवर होते. पुस्तके चोरीला जातील, फळ्यांवर गोंधळ माजेल, सामान्य माणसाला निवड करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. यांपैकी शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण चोरीची भीती बोलून दाखवता येते, पण वाचकाविषयीचा अविश्वास सहसा असा उघड बोलला जात नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. सयाजीराव गायकवाड महाराजांनी बडोदे संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. हा भाग आपणांस परिचित आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र आपण विसरतो. शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुन्हा छापील कागद पडलाच नाही, तर चार-सहा वर्षांत तो शिकलेली अक्षरे विसरतो, आणि त्याच्यावर केलेला खर्च पाण्यात जातो. म्हणजे वाचनालय ही महाराजांच्या दृष्टीने हौसेची बाब नव्हती; शाळेने लावलेल्या रोपाला पाणी घालण्याची ती सोय होती. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधील न्यू हेवन या गावचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्यास आणले आणि ग्रंथालयखाते त्यांच्या हाती सोपविले.

बोर्डनसाहेब बडोद्यात तीनच वर्षे होते, १९१३ मध्ये ते परतले. तीन वर्षांत एका माणसाने किती करावे? मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली, आणि त्यासाठी महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खाजगी संग्रह देऊन टाकला. राजाच्या वाड्यातील कपाटे अशी रयतेसाठी उघडली गेली. ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धती होती. वाचकाने आत यावे, फळीपाशी उभे राहावे, पुस्तक हातात घ्यावे, आवडले तर न्यावे. स्त्रियांसाठी निराळे वाचनालय निघाले. मुलांसाठी निराळी खोली झाली, आणि तीत चित्रांच्या पुस्तकांबरोबर खेळही ठेवले गेले. आज हे वाचताना आपल्याला विशेष वाटणार नाही, पण त्या काळी पुष्कळ वाचनालयांतून मुलांना "येथे काय काम आहे?" असा प्रश्न विचारला जाई, आणि बडोद्याचे हे खाते मुलांना सोंगट्या मांडून बसवीत होते. मूल खेळायला येते, चित्र पाहायला थांबते आणि एखादे दिवशी चित्राखालची ओळ वाचते. गोडी लावण्याचा याहून साधा मार्ग मला ठाऊक नाही.

ज्याला वाचताच येत नाही त्याचे काय करायचे? बहुतेक ग्रंथपालांनी हा प्रश्न आपला मानलाच नसता. बडोद्याच्या ग्रंथालयखात्याने त्यासाठी एक वेगळी शाखाच काढली. जादूचा कंदील, चित्रपट, दोन डोळ्यांनी पाहावयाच्या दुर्बिणीसारख्या साधनातील चित्रे, अशा सामग्रीनिशी या शाखेची माणसे लोकांपर्यंत जात. ग्रंथालयाच्या पैशातून निरक्षरांना चित्रे दाखविणे हा पैशाचा अपव्यय, असे कोणाही हिशेबनिसाला वाटेल. परंतु ज्या माणसाला जग पाहण्याची इच्छा झाली, त्याच्या घरातला मुलगा पुस्तक आणू लागला तर तो त्याला अडवणार नाही, हा हिशेब निराळ्या वहीत मांडावा लागतो.

बडोद्याच्या सर्व व्यवस्थेत मला अधिक प्रिय आहे ती १९११ मध्ये सुरू झालेली फिरत्या वाचनालयांची योजना. लाकडाची मजबूत पेटी, तीत काही निवडक पुस्तके. पेटी गावाला पाठवायची, गावाने वाचायची, परत आली की दुसरी पाठवायची. पाठवणीचा खर्च सरकारचा. पेटी लहान होती हा तिचा दोष नसून गुण होता. हजारो क्रमांकांच्या वहीपुढे नवखा वाचक गांगरतो. पंधरा-वीस पुस्तकांपुढे तो गांगरत नाही. कोणीतरी जाणत्या माणसाने त्या गावासाठी निवड केलेली असते, आणि उरलेली निवड गावकऱ्याची असते. ग्रंथपालाचे सारे कसब त्या पेटीत काय घालायचे आणि काय वगळायचे यात आहे.

या कामाला माणसेही तशीच लाभली. चरोतरचे शिक्षक मोतीभाई अमीन यांनी बोर्डन येण्यापूर्वीच, १९०६ पासून, मित्रमंडळे स्थापून गावोगावी वाचनाच्या सोयी करण्यास आरंभ केला होता. अशा माणसाला सरकारने बाजूला सारले नाही, त्याला खात्यात सामावून घेतले. अमेरिकेतील पद्धत आणि खेड्यातील ओळखपाळख यांचा असा संयोग झाला, म्हणून योजना कागदावर राहिली नाही. ग्रामवाचनालयाचा खर्च तीन वाट्यांत असे: एक वाटा गावाने जमवायचा, एक स्थानिक पंचायतीने द्यायचा, एक सरकारने. फुकट मिळालेल्या पेटीपेक्षा ज्यात आपले चार आणे गुंतले आहेत त्या कपाटाकडे गावकरी निराळ्या नजरेने पाहतो. बोर्डन यांच्या मागे ग्रंथालयखात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर या आपल्या मराठी गृहस्थांनी वाहिली, आणि या चळवळीचा वृत्तांतही इंग्रजीत लिहून ठेवला. १९१२ पासून १९१९ पर्यंत 'लायब्ररी मिसेलनी' हे ग्रंथालयविषयक त्रैमासिक बडोद्याहून निघत असे आणि त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे. शंभरावर वर्षांपूर्वी ग्रंथपालाच्या धंद्याची चर्चा मराठीत छापली जात होती, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते.

मात्र या चित्राला एक काळी बाजू आहे, ती झाकून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी वाचत बसे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरले, त्याची विचारपूस केली, पुढे त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले, आणि सयाजीराव महाराजांकडून त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून शब्द टाकला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकर ग्रंथपाल नव्हते. पण वाचणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसणे आणि योग्य वेळी योग्य पुस्तक त्याच्या हाती ठेवणे, हे ग्रंथपालाचे काम त्यांनी केले. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून एका पारशी वसतिगृहात राहावे लागले, तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि ते मुंबईस परतले. पुस्तकांच्या पेट्या ज्या शहरातून गावोगाव जात होत्या, त्याच शहरात त्या काळच्या एका थोर वाचकाला छप्पर मिळू नये!

कपाट उघडे ठेवून भागत नाही. उंबरठा कोण ओलांडू शकतो हा प्रश्न त्याच्या आधी येतो. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हाही एक उद्देश होता. ज्यांच्यासाठी दार उघडले जात नव्हते, त्यांनी स्वतःचे घर बांधायला घेतले. आपल्या वाचनालयांच्या इतिहासात हे पान सहसा छापले जात नाही. शतसांवत्सरिक स्मरणिका मी पुष्कळ चाळल्या आहेत. संस्थापकांची छायाचित्रे असतात, देणगीदारांची यादी असते, पण अमुक वर्षापर्यंत अमुक लोकांना सभासद करून घेत नसू, असे वाक्य मला एकाही स्मरणिकेत आढळलेले नाही.

बडोद्यात जे काम एका राजाच्या इच्छेने झाले, तेच मद्रासेत एका गणिताच्या प्राध्यापकाने विचाराच्या बळावर केले. शियाळी रामामृत रंगनाथन यांना जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल नेमण्यात आले. पहिल्या काही दिवसांत त्यांना त्या कामाचा इतका कंटाळा आला, की ते आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे जाऊन "मला परत घ्या" म्हणाले! प्राचार्यांनी त्यांना सांगितले, की आधी ठरल्याप्रमाणे इंग्लंडला जाऊन या, मग बोलू. ते गेले आणि तेथील शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पायाखाली घातली. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत मुले, कामगार, गृहिणी मोकळेपणी वावरताना त्यांनी पाहिल्या आणि १९२५ मध्ये ते परतले ते दुसरेच होऊन. मद्रासेत त्यांनी ग्रंथालयाच्या वेळा वाढविल्या, वाचकाला फळीपर्यंत नेले, आणि पुस्तक शोधणाऱ्याशेजारी उभा राहून त्याला मदत करणारा माणूस नेमणे हे ग्रंथालयाचे मुख्य काम मानले.

१९३१ मध्ये त्यांचे पंचसूत्रांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ग्रंथ वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, अशी ती सूत्रे आज ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. पाठ असलेल्या गोष्टीकडे लक्ष जात नाही, म्हणून तिसऱ्या सूत्रावर क्षणभर थांबतो. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, म्हणजे फळीवर बसून राहिलेल्या पुस्तकासाठी ग्रंथपालाने स्थळ शोधावे. उपवर मुलीच्या बापासारखी ही भूमिका आहे! बाप घरात बसून "कोणी विचारायला आलेच नाही" म्हणत नाही, चार घरे फिरतो. मुक्तद्वार पद्धतीचा पुरस्कार रंगनाथनांनी याच सूत्राच्या आधारे केला. जे पुस्तक वाचकाला नावाने ठाऊक नाही ते तो वहीतून मागणारच नाही. फळीवर शेजारच्या पुस्तकाकडे हात जाता जाता त्याला ते भेटेल. त्याच १९३१ साली तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीतून खेडोपाडी फिरणारे ग्रंथालय सुरू झाले. बडोद्याच्या पेटीला येथे चाके लागली.

आपल्या महाराष्ट्राचे काय? भारतातील पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानात १९४५ मध्ये झाला, हे अभिमानाने सांगता येते. ते संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले आणि कायदाही मागे पडला. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. त्याने वाचनालये लोकांच्या संस्थांकडेच ठेवली, त्यांचे वर्ग पाडले आणि वर्गानुसार अनुदान ठरविले. गावोगावी ग्रंथालये निघाली, हा त्याचा लाभ. पण वर्ग राखण्यासाठी पुस्तकांची संख्या, सभासदांची संख्या, नियतकालिकांची संख्या दाखवावी लागते. एखाद्या मुलाला ग्रंथपालाने अर्धा तास बसवून पुस्तक दाखविले, याची नोंद करण्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. ज्याची नोंद नाही ते काम हळूहळू होईनासे होते. त्यात ग्रंथपालाचे वेतन असे की घर चालविण्यासाठी त्याने दुसरा उद्योग करावा. वाचक घटले म्हणून आपण भ्रमणध्वनीला दोष देतो. तो काही अंशी खराही असेल. परंतु पितळी कुलूप भ्रमणध्वनीच्या फार आधीचे आहे.

चांगलेही घडते आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुन्हा पेटीच फिरते आहे, आणि ती परदेशातील मराठी घरांपर्यंत पोहोचली आहे. पाचगणीजवळच्या भिलार गावात २०१७ मध्ये राज्य शासनाने २५ ठिकाणी, बहुतेक गावकऱ्यांच्या राहत्या घरांत, पुस्तकांची उघडी कपाटे ठेवली. कोणीही यावे, बसावे, वाचावे. तेथे ग्रंथपालाचे काम घरची माणसेच करतात.

आता त्या खिडकीकडे परत जातो. जाळीआडचे गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. त्यांनी काही जाळी काढली नाही. तो अधिकार कार्यकारी मंडळाचा होता. एके दिवशी दुपारी मी चिठोरे सरकवले तेव्हा ते म्हणाले, "अरे, क्रमांक काय देतोस, आत ये. ही परत आलेली पुस्तके जागच्या जागी लाव." मी आत गेलो. दहा-बारा पुस्तके लावायला मला दीड तास लागला, कारण प्रत्येक पुस्तक लावण्यापूर्वी उघडले जात होते. एवढा वेळ का लागला, असे त्यांनी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावले. असे वर्षभर चालले, आणि माझ्यामागोमाग आणखी तीन-चार मुले आत येऊ लागली.

त्या वर्षीच्या मोजणीत तीन पुस्तके कमी भरली. पैकी एक माझ्याकडे होते. न नोंदवता घरी नेले होते आणि भीतीने परत आणले नव्हते. अखेर एका संध्याकाळी सदऱ्याखाली लपवून ते घेऊन गेलो आणि काही न बोलता मेजावर ठेवले. त्यांनी वही काढली, कमी पुस्तकांच्या यादीतील एक ओळ खोडली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, "काय रे, वाचून झाले का?"